डोंगराला कारभारी हवेत

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड, बेगडेवाडी करत घोरावाडीला थांबते, तेव्हा उतरणारी माणसं मोजकी असतात. मागचं देहूरोड मोठं, पुढचं तळेगाव त्याहून मोठं. घोरावाडी हे मधलं लहानसं स्थानक. पण मावळाचं पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत काय होणार आहे हे समजून घ्यायचं असेल, तर याहून चांगली जागा सापडणार नाही. एका अंगाला घोरावडेश्वराचा डोंगर, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी, मधून लोहमार्ग आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग, डोंगरापलीकडे द्रुतगती मार्ग. डोंगर, नदी आणि रस्ता यांच्यातली जी ओढाताण सगळ्या मावळात चालू आहे, ती इथे दोन-चार किलोमीटरांत नजरेला पडते.

या डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत. तिथल्या एका ब्राह्मी शिलालेखात धेनुकाकट इथल्या नांगरटीवर जगणाऱ्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं, सियगुतनिका तिचं नाव, लेणं दान दिल्याची नोंद आहे. राजा नाही, सावकार नाही, शेतकऱ्याच्या घरातली बाई. संत तुकारामांच्या एकांताच्या जागांमध्ये भंडारा आणि भामचंद्र यांच्या जोडीला याही डोंगराचं नाव घेतात. आज याच डोंगरावर सुट्टीच्या दिवशी पिंपरी-चिंचवडकडची आणि तळेगावची माणसं पाण्याचे कॅन खांद्यावरून वर नेतात आणि लावलेली झाडं उन्हाळ्यात जगवतात. फेब्रुवारी उलटला की वणव्याची धास्ती सुरू होते. चार-पाच वर्षं जगवलेलं झाड एका दुपारी जळून जातं आणि तीच माणसं पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खड्डे घेतात.

खाली सपाटीला वेगळंच चाललेलं असतं. भाताच्या खाचरात मुरूम पडतो, कुंपणाचे खांब येतात, प्लॉटिंगचा फलक लागतो. खाचर म्हणजे नुसतं शेत नव्हे. चारी बाजूंनी बांध घातलेलं ते उथळ तळं असतं. पावसाळाभर पाणी धरून ठेवतं आणि सावकाश जमिनीत सोडतं. ते बुजलं की तेच पाणी रस्त्यावर येतं, आणि मग लोक म्हणतात, यंदा पाऊस फार झाला.

बेगडेवाडी आणि घोरावाडीपासून जवळच इंद्रायणीवर कुंडमळा आहे. पाण्यानं खडकात कोरलेले रांजणखळगे पाहायला तिथे गर्दी होते. १५ जून २०२५ हा रविवार होता, नदीला पावसाचं पाणी होतं आणि जुन्या लोखंडी पुलावर पर्यटक उभे होते. पूल कोसळला, चार माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. पूल कुणाचा, दुरुस्ती कुणाची, परवानगी कुणाची यावर पुढे पुष्कळ बोलणं झालं. पण त्या दिवशी पुलाच्या तोंडाशी उभं राहून ‘आज कुणी पलीकडे जायचं नाही’ असं म्हणण्याचा अधिकार असलेलं आणि त्याचं ऐकलं जाईल असं गावातलं माणूस कोण होतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

पर्यावरणाचं नेतृत्व करणारी तरुण पिढी घडवायची, यासाठी आता बरेच अभ्यासक्रम, शिबिरं आणि पाठ्यवृत्ती आहेत. लोणावळा-खंडाळ्याच्या सभागृहांतही कार्यशाळा भरतात. त्यांतून निघणाऱ्या मुलामुलींना हवामानबदल समजतो, बोलता येतं, ओळखी होतात. हे वाया जात नाही. तरीही महाराष्ट्रात गेल्या पन्नास वर्षांत जिथे जिथे डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आलं किंवा जंगल राखलं गेलं, तिथली माणसं कशी शिकली हे पाहिलं, तर ती वेगळ्या शाळेत शिकलेली दिसतात. ती शाळा मावळात उघडायची असेल, तर आधी तिचा अभ्यासक्रम नीट समजून घ्यायला हवा.

त्याआधी लोणावळ्याच्याच एका मोठ्या कामाची गोष्ट सांगायला हवी. त्या कामात ज्ञान होतं, कष्ट होते आणि हेतूही चांगला होता.

इंद्रायणीत, भीमेत, मुळा-मुठेत एक मोठ्या खवल्यांचा मासा असतो. इंग्रज अधिकारी साइक्स यानं १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. हा दख्खनचा महासीर. देहू-आळंदीच्या डोहांत भाविकांनी याच माशाला वर्षानुवर्षं अभय दिलं. धरणं झाली, नद्या अडल्या, सांडपाणी वाढलं आणि विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या या माशाची वाट बंद झाली. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीनं १९७०च्या सुमारास त्याची कृत्रिम पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्यानंतर शशांक ओगले यांनी अंडी काढणं, फलन, पिल्लं वाढवणं याचं तंत्र इतकं पक्कं बसवलं, की पुढे इतर राज्यांच्या मत्स्य विभागांची माणसं ते शिकायला लोणावळ्याला येऊ लागली. लाखो पिल्लं तयार झाली. या जातीला धोक्याच्या यादीतून बाहेर काढण्याइतकी तिची स्थिती बरी असल्याचं आंतरराष्ट्रीय पातळीवर नोंदलं गेलं. मावळातल्या माणसानं अभिमान बाळगावा असंच हे काम आहे.

पण यातली काही पिल्लं दूर कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महासीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महासीरांपैकी एक. तिथल्या नदीत आपला मासा फोफावला आणि त्यांचा मासा हटत गेला. २०१८ साली कावेरीच्या त्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असल्याचंही जाहीर झालं. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणं होतीच. बाहेरून आणलेला मासा हे त्यांतलं एक मोठं कारण ठरलं.

पैदाशीच्या तंत्रात इथे काहीही चुकलं नव्हतं. तंत्र एका नदीतून उचलून दुसऱ्या नदीत नेलं गेलं आणि त्या दुसऱ्या नदीला, तिच्या काठच्या माणसांना कुणी विचारलं नाही. पर्यावरणात काम करायला निघालेल्या प्रत्येक तरुणाला मी सर्वांत आधी ही गोष्ट सांगेन. झाडं लावायला निघालेल्यांनी तर ती विसरूच नये. पुण्याच्या भोवतालच्या कितीतरी टेकड्यांवर गवताळ माळ मोडून एकाच जातीची गिरिपुष्पाची रानं उभी राहिली, तीही हिरवाईच्याच इच्छेनं. माळावरचं गवत, त्यातले पक्षी, त्यावर चरणारी जनावरं यांची नोंद कुणी ठेवली नव्हती, म्हणून ते नाहीसं झाल्याचं कुणाला कळलंही नाही. आपल्या डोंगरावर आधी काय होतं, हे ज्याला माहीत नाही, त्यानं तिथे काय असावं हे ठरवू नये.

आता त्या दुसऱ्या शाळेकडे येऊ.

अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर तालुक्यात दरेवाडी नावाचं गाव आहे. पावसाची खात्री नाही, उन्हाळ्यात टँकर, वर्षातून तीन-चार महिने शेतीचं काम, बाकी वेळ स्थलांतर. फादर हर्मन बाकर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी केली आणि भारत-जर्मनी पाणलोट कार्यक्रमातून अशा गावांत काम सुरू केलं. या कार्यक्रमाची एक अट फार मोलाची होती. गावाला लगेच सगळा निधी मिळत नसे. आधी लहान क्षेत्रावर काम करून दाखवायचं. चराईबंदी पाळायची, कुऱ्हाडबंदी पाळायची, श्रमदान करायचं, समिती बसवायची, हिशेब गावासमोर वाचायचा. वर्ष-दीड वर्षाच्या या काळात गाव शिकत असे आणि संस्थेलाही गाव कळत असे. तो टप्पा पार पडला तरच मोठं काम.

दरेवाडीत चराईबंदीनं धनगरांच्या पोटावर पाय येणार होता. मेंढरं कुठे न्यायची? त्यांचा विरोध रास्त होता. शेवटी डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्यानं बंद करायचा आणि झाडोरा सावरला की टप्प्याटप्प्यानं उघडायचा, असा तोडगा गावानंच काढला. काम पूर्ण झाल्यावर टँकर थांबला आणि शेतीचं काम नऊ-दहा महिने मिळू लागलं. दरेवाडी पुढे प्रशिक्षण केंद्रच झालं. दुसऱ्या गावांची माणसं तिथे शिकायला जातात. माझ्या मते त्या केंद्रातला सर्वांत मोठा धडा चर खणण्याचा नसून धनगरांशी झालेल्या वाटाघाटीचा आहे. ज्याला डोंगर राखायचा आहे, त्यानं डोंगरावर ज्याचं पोट आहे त्याच्याशी आधी बोलायला शिकलं पाहिजे.

अशा प्रशिक्षणात माणसं नेमकं काय करतात, ते एकदा जवळून बघण्यासारखं असतं. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाला बांधायच्या, मध्ये एक आडवी काठी, वरून दोरी सोडून तिला दगड. एवढीच ती ए-फ्रेम. सपाट जागी उभी करून दोरी आडव्या काठीवर कुठे टेकते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये आली ती समपातळीची खूण. मग डोंगरउतारावर एक पाय रोवून दुसरा पाय वर-खाली सरकवायचा. दोरी मधल्या खुणेवर स्थिर झाली की पायाशी फक्की टाकायची, आणि तोच पाय रोवून मागचा पाय पुढे वळवायचा. असं चालत गेलं की उतारावर पांढरी रेघ उमटते. ती नेहमीच्या अंदाजापेक्षा वेगळीच वळणं घेते. याच रेघेवर चर खणला तर पाणी त्यात सगळीकडे सारखं थांबतं. रेघ हातभर चुकली तर सगळं पाणी एका टोकाला धावतं आणि बांध फोडतं. कधी शाळेत न गेलेली बाई हे तासाभरात शिकते. त्या दिवसापासून तिच्या गावात कंत्राटदारानं उताराच्या दिशेनं चर खणला, तर तो चुकला आहे हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

२०१६ साली पानी फाउंडेशननं हेच शिक्षण फार मोठ्या प्रमाणावर नेलं. आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या या संस्थेच्या वॉटर कप स्पर्धेत पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतली ११६ गावं उतरली. कोरेगावचं वेळू पहिलं आलं. पुढे काकडदरा, टाकेवाडी, सुर्डी यांनी बाजी मारली. तीन वर्षांत तालुक्यांची संख्या ७५ च्या पुढे गेली. स्पर्धा उन्हाळ्यातल्या ४५ दिवसांची, पण खरा पाया होता त्याआधीचं चार दिवसांचं निवासी प्रशिक्षण. गावानं एक हुशार पोरगा पाठवून भागत नसे. पाच-पाच जण यायचे, त्यांत स्त्रियाही. एकटा शिकून परत गेलेला माणूस गावात एकटाच पडतो. पाच जण गेले तर पारावर पाच तोंडं एकच गोष्ट बोलतात. साताऱ्याचे दंतवैद्य डॉ. अविनाश पोळ यांच्यासारखी माणसं गावोगाव फिरून हे शिक्षण देत होती.

या कामावर टीकाही झाली आणि तिच्यात तथ्य होतं. पाणी अडवलं, पण अडवलेलं पाणी कोण किती उपसणार हे बऱ्याच गावांत ठरलं नव्हतं. पाणी दिसल्यावर ऊस वाढला, बोअर वाढल्या, पुढच्या दुष्काळात विहिरी पुन्हा कोरड्या. काही ठिकाणी खडकाच्या थरांचा विचार न करताच नाले फार खोल खणले गेले. संस्थेनं हे ओळखलं असावं, कारण वॉटर कपनंतर समृद्ध गाव स्पर्धा आली आणि २०२२ पासून फार्मर कप आला, ज्यात शेतकऱ्यांचे गट बांधणं हेच मुख्य काम आहे. खणायला शिकवणं सोपं असतं. वाटून घ्यायला शिकवणं अवघड, आणि नेतृत्वाची खरी कसोटी तिथेच लागते.

हे सर्वांत आधी आणि सर्वांत स्वच्छ ओळखणारा माणूस पुणे जिल्ह्यातलाच. विलासराव साळुंखे अभियंते होते, पुण्यात त्यांचा कारखाना होता. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात लोक खडी फोडताना पाहून ते अस्वस्थ झाले आणि नायगावला देवस्थानची सोळा हेक्टर उजाड जमीन घेऊन तिथेच राहिले. त्यांच्या पाणी पंचायतीनं घातलेले नियम आजही डोळे उघडतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस घ्यायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. शंभर एकरवाला आणि शेतमजूर यांना एका रांगेत बसवणारा हा हिशेब होता. तो मान्य करायला लोकांना वेळ लागला, पण ज्यांनी मान्य केला ते पाण्याचे मालक न राहता राखणदार झाले.

हिवरे बाजारनं तोच विचार वेगळ्या वाटेनं पुढे नेला. क्रिकेट खेळणारे, एम. कॉम. झालेले पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाच्या त्या गावात शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, असे ठराव झाले. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं: किती पडला, किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागणार, उरलेल्यात कोणतं पीक बसतं. पाऊस कमी झाला तर रब्बीचं क्षेत्र कमी. हा ताळेबंद सर्वांसमोर असतो, म्हणून भांडण आकड्यांशी होतं, माणसांशी होत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं तर शिक्षणाची रीतच बदलून टाकली. धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले. कुणी कुणाला शिकवायचं नाही, सगळ्यांनी मिळून अभ्यास करायचा, म्हणून अभ्यासगट. विषय गावातले: जंगलाचा कायदा काय म्हणतो, मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, दारू का थांबत नाही, बांबू कुणाचा. अभ्यासगटात बोलायचं, निर्णय मात्र ग्रामसभेत घ्यायचा, आणि तोही सर्वसहमतीनं. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं. वेळ फार जातो, पण घेतलेला निर्णय मोडायला कुणी उरत नाही. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं. तरी बांबू विकायचा परवाना वनखात्याकडेच राहिला होता. गावानं तोही प्रश्न लावून धरला आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेच्या मागे वीस-पंचवीस वर्षांचा अभ्यास उभा होता.

मावळाकडे वळलं की हे सगळं उलटं दिसतं. इथे पावसाला तोटा नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला तर दहा हजार लिटर पाणी होतं. लोणावळ्याच्या एका हेक्टरवर वर्षाला चार कोटी लिटर पडतं. तळेगावकडे येईपर्यंत हे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास उतरतं. घोरावाडी या उताराच्या कोरड्या टोकाला आहे. पाणी आहे, पण त्याचा निर्णय मावळात होत नाही, आणि याला शंभर वर्षं झाली. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचं पाणी घाटाखाली उतरवून खोपोलीला वीज होऊ लागली ती १९१५ पासून. शेजारच्या मुळशी पेट्यात धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. जगातल्या सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांत त्याची गणना होते. पवना धरण झालं आणि त्याच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड मोठं झालं. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद जलवाहिनीच्या प्रश्नावर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी जमले, पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला, त्यांत एक स्त्री होती.

लढण्याची परंपरा मावळाला शिकवावी लागत नाही. कमी आहे ती रोजच्या कारभाराची. आंदोलन उभं राहतं ते संकट दारात आल्यावर. त्याआधी दहा वर्षं झऱ्याची नोंद ठेवणारं, कोणत्या ओढ्यात कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असतं हे लिहून ठेवणारं, विकास आराखड्यावर हरकत घ्यायची मुदत कधी संपते हे माहीत असलेलं कुणी गावात नसेल, तर आंदोलनाला हातात द्यायला कागद नसतो.

हा कागद तयार करण्याची सोय कायद्यानं केलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे आणि तिनं लोकांच्या मदतीनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवली पाहिजे. या कल्पनेमागे पुण्याच्या माधव गाडगीळ यांचं फार मोठं काम आहे. त्यांनी आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शास्त्रज्ञांच्या आधी गावांनी जंगल राखलं होतं हे त्यांना दिसलं. पश्चिम घाटावरच्या त्यांच्या समितीचा २०११ चा अहवाल गाजला तो निर्बंधांमुळे, पण त्या अहवालाचा गाभा ग्रामसभांना विचारून निर्णय घ्या हा होता. तेवढा भाग वाचलाच गेला नाही. नोंदवह्यांचंही तसंच झालं. राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि अनेक ठिकाणी त्या घाईघाईनं, गावात बसून चर्चा न करता, एकीवरून दुसरी अशा भरल्या गेल्या. ज्या वहीच्या निमित्तानं गावातली पोरं म्हाताऱ्यांबरोबर डोंगर चढली असती, ठाकर आणि कातकरी वस्त्यांवरच्या बायकांकडून रानभाज्यांची आणि कंदांची नावं शिकली असती, ती वही कपाटात गेली. मावळाचं यात मोठं नुकसान झालं. ती वही लिहिणं हेच प्रशिक्षण होतं.

मग अशा नोंदी ठेवणारी माणसं शिकतील कशाच्या जोरावर? तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी का होईना काम मिळतं. वीस वर्षांच्या मुलानं ते सोडून झऱ्याची खोली मोजत बसावं, अशी अपेक्षा करणं अन्याय आहे. केनियात वांगारी मथाई यांनी १९७७ मध्ये हरितपट्टा चळवळ सुरू केली तेव्हा हे नीट जाणलं होतं. त्यांच्या खेड्यातल्या बायकांना रोपासाठी थोडी रक्कम मिळायची, पण रोप जगलं तरच. लावण्याचे पैसे नव्हते, जगवण्याचे होते. त्याच बायकांच्या बैठकांत पुढे जमीन कुणी बळकावली, जंगल कुणी विकलं हे प्रश्न निघाले, आणि २००४ मध्ये मथाईंना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला तेव्हा त्यामागे त्या हजारो बायका होत्या. आपल्याकडे वृक्षारोपणाचा आकडा जाहीर होतो, जगलेल्या झाडांचा होत नाही. हा एक नियम उलटा केला तरी घोरावडेश्वरावर कॅन वाहणाऱ्यांना पुष्कळ सोबती मिळतील.

काम करता करता शिकवायची रीत तळेगावला परकी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक-एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ साली इथेच निघाला. तिथे शिकलेले कारागीर पुढे इतरत्र काचेच्या धंद्यात पसरले. विष्णू गोविंद विजापूरकर यांचं समर्थ विद्यालय, राष्ट्रीय शिक्षणाची शाळा, तळेगावातच होतं. इंग्रज सरकारनं ते १९१० मध्ये बंद पाडलं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये इंद्रायणी भात दिला आणि तो मावळातल्या घरोघरच्या खाचरात गेला, कारण शेतकऱ्याला त्यात सुवासही होता आणि पैसाही. तळेगावला सुगी पश्चात तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. फुलशेती आणि हरितगृहाचं शिक्षण घ्यायला शेतकरी तिथे येतात. ज्ञान, पोट आणि गाव यांची सांगड घालायची कला या तालुक्याला येते. डोंगर आणि नदी यांच्यासाठी ती वापरायची राहिली आहे.

घोरावाडीच्या परिसरापुरतं बोलायचं, तर मला दिसतं ते काम असं. दहा-बारा जणांचा गट, निम्म्या बायका, त्यात एखादी कातकरी किंवा ठाकर वस्तीवरची, एखादा जमीन विकून बसलेला, एखादा गृहसंकुलात नव्यानं राहायला आलेला. शेवटच्या दोघांना वगळायचा मोह होईल, पण नदीत सांडपाणी जातं ते त्यांच्याही घरातून. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस वरच्या अंगाला राहणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे. या गटानं पहिलं वर्ष कुणालाही काही शिकवू नये, फक्त मोजावं. पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी आठला पाऊस लिहावा. चार विहिरींना दोरी आणि दगड टाकून महिन्यातून एकदा पाण्याची खोली घ्यावी. वणवा लागला तर तारीख, बाजू आणि वारा लिहावा. दोन वर्षांत कळेल की तो कुठून सुरू होतो, आणि जाळरेषा कुठे काढायची हे कुणाला विचारावं लागणार नाही. खाचरं किती उरली ते नकाशावर रंगवावं. दुसऱ्या वर्षी हे आकडे घेऊन ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत बसावं, आणि तिथे न ओरडता, न घाबरता ते वाचून दाखवता येणं हे त्यांचं नेतृत्वाचं शिक्षण समजावं. विद्यापीठातल्या माणसांनी, पर्यावरणाच्या अभ्यासक्रमातून निघालेल्या मुलामुलींनी या गटाच्या मदतीला यावं, त्यांच्या पुढे उभं राहू नये.

गटातला एकच माणूस फार मोठा झाला तर काम त्याच्याबरोबर थांबतं, हे महाराष्ट्रानं पुष्कळ पाहिलं आहे. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार ही नावं आपण घेतो, त्यांना भेटी देतो, पण महाराष्ट्रातल्या हजारो गावांमधून परत परत तीच नावं का येतात याचा विचार करत नाही. भेटीला गेलेल्यानं सरपंच पाहिला, ताळेबंद पाहिला नाही, म्हणून.

२६ जानेवारीला बहुतेक गावांत ग्रामसभा होते. मावळातल्या वाचकांना माझी विनंती आहे की त्या सभेला जा आणि एकच प्रश्न विचारा: आपल्या गावची जैवविविधता नोंदवही कुठे आहे, ती दाखवा. तळेगाव, लोणावळा, वडगाव, देहू इथे राहणाऱ्यांनी हाच प्रश्न आपल्या नगरपरिषदेला किंवा नगरपंचायतीला लेखी विचारावा. वही मिळाली तर ती वाचा आणि आपल्या डोंगरावरचं काय त्यात नाही ते लिहून काढा. मिळाली नाही, तर ती लिहायला बसणाऱ्या पहिल्या दहा जणांत आपलं नाव द्या.